मागे दोन ट्रॉल्या

२०२४ च्या डिसेंबरमधली शुक्रवारची रात्र. ऑफिस आटोपून मी आणि माझा एक कलीग पुण्याहून माझ्या गावी निघालो होतो. त्याला गुऱ्हाळावरचा गरम गूळ खायचा होता, उसाचा फड बघायचा होता. कराडजवळ हायवे सोडून आम्ही गावाच्या रस्त्याला लागलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. दोन्ही बाजूंना ऊस, वर धुकं. पुढे एका ठिकाणी अंधार जरा जास्त काळा वाटला, एवढंच मला कळलं. मी ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिलो. गाडी थांबली तेव्हा आमच्या बॉनेटपुढे चार-पाच फुटांवर उसाची एक भिंत हळूहळू पुढे सरकत होती. ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. त्या भिंतीच्या पलीकडून कुठूनतरी डीजेवरचं गाणं ऐकू येत होतं.

"ह्यांना लायसन्स कोण देतं यार?" कलीग म्हणाला. त्याचा हात अजून डॅशबोर्डवर होता. "साधा एक दिवा लावता येत नाही? एक दिवस कुणालातरी मारतील."

मी काहीच बोललो नाही. तो चुकीचं बोलत नव्हता. पण घरी पोचेपर्यंत, आणि आईने वाढलेलं जेवतानाही, मी गप्पच होतो. कारण तो 'ह्यांना' म्हणाला होता, आणि त्या 'ह्यां'मध्ये मी आहे.

आमच्याकडे ट्रॅक्टर आला तेव्हा मी सातवीत होतो. पन्नास हॉर्सपॉवरचा, कर्जावर. पाठोपाठ दोन ट्रॉल्या. अण्णांनी म्हणजे माझ्या वडिलांनी कारखान्याशी ऊस वाहतुकीचा करार केला. नोव्हेंबरमध्ये गाळप सुरू व्हायचं, मार्चच्या आसपास पट्टा पडायचा. ते चार-पाच महिने अण्णा घरात पाहुण्यासारखे असत. फडात टोळी ऊस तोडणार, मोळ्या बांधून ट्रॉलीत भरणार, मग अण्णा ती खेप कारखान्यावर नेणार. काट्यावर वजन, यार्डात नंबर, गव्हाणीपाशी ट्रॉली रिकामी, परत फडात. नंबर लागायला कधी चार तास, कधी बारा. पैसे मिळायचे टनावर आणि अंतरावर. रांगेत गेलेल्या झोपेचे कुणी पैसे देत नाही. माझ्या इंजिनिअरिंगची फी त्या दोन ट्रॉल्यांनी ओढली, असं मी मित्रांना गमतीने सांगतो. ते अक्षरशः खरं आहे.

बारावीच्या सुट्टीत अण्णांनी मला ट्रॉली ओढायला शिकवलं. ट्रॅक्टर मला आधीच येत होता. मला वाटलं होतं, मागे ट्रॉली लावली की तोच ट्रॅक्टर जरा लांब होतो, बस. पहिल्याच दिवशी शेजाऱ्याच्या बांधाचे चार दगड मी उडवले. वळणावर ट्रॅक्टर नीट वळला, पहिली ट्रॉली कशीबशी वळली आणि दुसरीने आतला कोपरा कापत बांधावर चाक चढवलं. मागचं चाक पुढच्याच्या वाटेवरून जात नाही. प्रत्येक ट्रॉली आपल्या पुढच्यापेक्षा थोडी आतून जाते. म्हणून वळण बाहेरून घ्यायचं, आणि आपण वळून मोकळे झालो तरी वळण संपलं असं समजायचं नाही.

"तू वळलास म्हंजे गाडी वळली न्हाय," अण्णा म्हणाले. "शेवटचं चाक बाहेर पडंस्तवर तू वळणातच हाईस."

त्यांची शिकवण्याची पद्धत अशीच. सूत्र नाही, कारण नाही, फक्त नियम. पुढे कॉलेजात गेल्यावर त्यातल्या एकेका नियमामागचं कारण मला कळत गेलं.

पहिला नियम ब्रेकचा. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पॅडल असतात, डाव्या चाकाचं वेगळं, उजव्या चाकाचं वेगळं. शेतात जागेवर वळायला त्याचा उपयोग होतो. रस्त्यावर यायच्या आधी ती दोन्ही पॅडल खटक्याने एकमेकांना जोडायची असतात. जोडली नाहीत आणि घाईत एकावरच पाय पडला, तर एकच चाक धरतं, ट्रॅक्टर आडवा फिरतो आणि मागचं वजन त्याच्या अंगावर येतं. अण्णा ट्रॅक्टरवर बसले की किल्ली फिरवायच्या आधी वाकून तो खटका बघायचे.

दुसरा नियम जोडाचा. हूकात पिन, पिनेला खालून कॉटर, आणि त्याशिवाय एक साखळी. पिन तुटली किंवा उडाली तर ट्रॉली निदान साखळीवर तरी राहावी म्हणून. आणि ट्रॉली जोडायची ती खालच्या हूकालाच. दांडा वर कुठे अडकवला, तर चढावर मागचं ओझं ट्रॅक्टरला मागे खेचतं आणि पुढची चाकं उचलली जातात. पुढची चाकं हवेत गेली की स्टेअरिंग कितीही फिरवा, काही होत नाही.

तिसरा नियम उताराचा, आणि त्यावर अण्णा सगळ्यात जास्त चिडायचे. डिझेल वाचवायला अनेक जण उतारावर न्यूट्रल काढतात. आकडे बघा. आमचा ट्रॅक्टर सव्वादोन-अडीच टनांचा. दोन ट्रॉल्यांत मिळून वीस-एकवीस टन ऊस, शिवाय ट्रॉल्यांचं स्वतःचं वजन. म्हणजे ओढणाऱ्याच्या दहापट ओझं मागे. आमच्यासारख्या शेतीच्या ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ते पंचवीस टन थांबवायचे कुणी, तर त्या अडीच टनाच्या ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी. सपाटीवर ते कसंबसं जमतं. उतारावर ट्रॅक्टर थांबायला बघतो आणि ट्रॉल्या त्याला ढकलत राहतात. जोडाशी जरा जरी कोन असेल तर ढकलणं सरळ लागत नाही, ट्रॅक्टर कात्रीसारखा घडी पडतो. म्हणून इंजिनाने धरून उतरायचं. जो गिअर चढायला लागतो तोच उतरायला, आणि तो उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा. मध्येच क्लच दाबून गिअर बदलायला गेलात, तर क्लच दाबल्या क्षणी इंजिनाची पकड सुटते. त्यानंतर गिअर परत पडेलच असं नाही.

वेगाचंही तसंच. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. त्यात वेगात असताना स्टेअरिंगला झटका दिला, तर पहिली ट्रॉली जेवढी हलते त्याहून दुसरी जास्त हलते. आसुडाच्या दांड्याला जरासा झटका दिला तरी टोक केवढं फिरतं, तसं. पुढे बसलेल्याला वाटतं, आपण खड्डा अलगद चुकवला. शेवटची ट्रॉली तोपर्यंत रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन आलेली असते.

चौथा नियम: टेप लावायचा नाही. इतर ड्रायव्हर मोठमोठे स्पीकर लावून गाणी वाजवत जात. झोप येऊ नये म्हणून, असं ते सांगत, आणि अठरा-अठरा तास जागणाऱ्या माणसाचं ते कारण खोटं नसायचं. अण्णा म्हणायचे, मागचा हॉर्न ऐकू आला पाहिजे, आणि मागचं चाक काय बोलतंय तेही.

आणि मागे जाणं. एक ट्रॉली लावून रिव्हर्स घेणं सरावाने जमतं, स्टेअरिंग उलटं फिरवायचं एवढं डोक्यात बसलं की झालं. दोन ट्रॉल्या लावून रिव्हर्स घेणं जवळपास अशक्यच. तिसऱ्या वर्षाला मी त्याचं एक छोटं सिम्युलेशन लिहिलं होतं. पुढे जाताना ट्रॉलीचा कोन थोडा चुकला तर ती चूक आपोआप मिटत जाते, ओढणारा तिला सरळ करतो. मागे येताना तीच चूक प्रत्येक फुटाला वाढत जाते. स्क्रीनवर ते बघताना मला ट्रॅक्टर आठवत नव्हता. आदल्या वर्षीची एक रात्र आठवत होती.

आता त्या रात्रीबद्दल.

जानेवारी २०१७, पहिला आठवडा. मी सेकंड इयरला. परीक्षा संपवून घरी आलो होतो. जिओचं फुकट नेट नुकतंच सुरू झालं होतं, आणि आमच्या वयाची सगळी पोरं मिळेल त्या कोपऱ्यात व्हिडिओ बघत होती. संध्याकाळी फडातून ट्रॉल्या भरून निघायला आठ वाजले. अण्णांच्या सोबतीला मी गेलो. ओढ्याच्या पुलाआधी एक वळण आहे, त्याच्या पुढे हलकासा उतार. तिथे मागच्या ट्रॉलीचं टायर फुटलं.

दुसरं चाक आणि मोठा जॅक घरी होता. अण्णांनी चाकांखाली दगड लावले, ट्रॅक्टर सोडवला, आणि मला बॅटरी दिली.

"मागं सत्तर पावलं मोज. तितं झाडाची फांदी टाक. फांदीपाशी बॅटरी हलवत हुबा ऱ्हा. बसायचं न्हाय. मी तासाभरात आलो."

मी सत्तर पावलं मोजली. बाभळीची एक फांदी ओढून आणली. पाऊण तास मी तिथे खरंच उभा होतो. सात-आठ गाड्या गेल्या, सगळ्या सावकाश, बॅटरी बघून बाजूने. थंडी बोचत होती. ओढ्यावरून वारा येत होता. मग दहा-बारा मिनिटं एकही गाडी आली नाही. मला वाटलं, या रस्त्याला आता कोण येतंय? मी ट्रॉल्यांच्या पुढच्या बाजूला गेलो, वारा लागणार नाही असा आडोसा धरून बसलो, आणि मोबाईल काढला. क्रिकेटची हायलाइट्स होती. कानात इअरफोन होते. मॅच कुठली होती हे मला आता आठवत नाही, आणि ते आठवत नाही याचंही मला वाईट वाटतं.

आवाज मी ऐकला नाही. ट्रॉली हलल्याचं पाठीला जाणवलं.

मोटरसायकल मागच्या ट्रॉलीच्या कोपऱ्याला धडकून बाजूच्या चरीत गेली होती. बाभळीची फांदी रस्त्याच्या कडेला सरकलेली होती, आधीच्याच एखाद्या गाडीने ढकलली असावी. तो माणूस शुद्धीत होता. तिशीचा असेल. उजवा पाय गुडघ्याखाली नको त्या दिशेला वळला होता. मी १०८ ला फोन केला. हात इतके थरथरत होते की तीन आकडे लावायला मला तीन वेळा लागले. ॲम्ब्युलन्सच्या आधी अण्णा पोचले. त्यांनी त्या माणसाचं डोकं मांडीवर घेतलं, मला पाणी आणायला पाठवलं, आणि मी परत आल्यावर एकच प्रश्न विचारला.

"बॅटरी कुटं हुती?"

"हातात," मी म्हणालो.

अण्णांनी माझ्या गळ्याकडे बघितलं. इअरफोन तिथेच लोंबकळत होते. "बरं," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पोलिसांसमोरही मी तेच सांगितलं. मी बॅटरी दाखवत उभा होतो, गाडी वेगात आली. जबाबात ते तसंच उतरलं. त्या माणसाचा वेग कागदावर आला. मी कुठे बसलो होतो ते आलं नाही. अण्णांनी दवाखान्याचं सगळं बिल भरलं, त्यासाठी दोन म्हशी विकल्या आणि पतसंस्थेतून कर्ज काढलं. गावातल्या लोकांना वाटलं, केवढा दिलदार माणूस, चूक समोरच्याची असून पैसे भरतोय. मी सुट्टी संपवून कॉलेजला परत गेलो.

तो माणूस बाजूच्याच गावचा. एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये दुसऱ्या पाळीला होता, कामावरून घरी निघाला होता. पायात रॉड पडला. गुडघा पुरता वाकायचा बंद झाला. दिवसभर मशीनपुढे उभं राहणं जमेना म्हणून नोकरी गेली. हे मला आईकडून तुकड्या-तुकड्यांत कळत गेलं. मी विचारत नव्हतो, तीच फोनवर मध्येच सांगायची.

पुढे कधीतरी मी त्या सत्तर पावलांचा हिशोब केला. मोटरसायकल ताशी ६० किलोमीटरने येतेय, म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. काहीतरी दिसून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच संपले. मग कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागून थांबायला आणखी तेवीस-चोवीस. एकूण ४८-४९ मीटर. माझं एक पाऊल पाऊण मीटरचं. सत्तर पावलं म्हणजे साडेबावन्न मीटर. अण्णांना हे सूत्र कुणी शिकवलं नव्हतं. पण त्यांचा आकडा बरोबर होता. त्या जागेवर मी उभा असतो, तर तो माणूस साठच्या वेगात असूनही थांबला असता. कागदावर त्याचा वेग आला होता ना, म्हणून हा हिशोब मी अनेकदा तपासून बघितला. प्रत्येक वेळी उत्तर तेच.

डिसेंबरमधल्या त्या शुक्रवारनंतर हे सगळं परत वर आलं. रविवारी पुण्याला परत जाताना मी कलीगला सांगून टाकलं. ही गोष्ट मी पहिल्यांदाच कुणाला सांगत होतो. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्याला सांगितलंस?"

जानेवारीत अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी धूळ आणि धक्के टाळायला सांगितलं. हंगाम भरात होता, ऊस फडात उभा होता, आणि त्या दिवसांत ड्रायव्हर मिळणं म्हणजे लॉटरी. मी दोन आठवडे वर्क फ्रॉम होम घेतलं. दिवसा लॅपटॉप, पहाटे आणि रात्री ट्रॅक्टर.

पहिल्या रात्री ट्रॉल्यांच्या मागे जाऊन बघितलं तेव्हा कळलं, अण्णांनी त्या अपघातानंतर काय काय केलं होतं. मागच्या ट्रॉलीला रुंद लाल-पांढरी रिफ्लेक्टर पट्टी, पूर्ण रुंदीभर. दोन्ही बाजूंनाही पट्ट्या, कारण गाडी आडव्या रस्त्याने वळत असताना मागची पट्टी कुणालाच दिसत नाही. ऊस भरला की मागून बांधायचं चमकणारं कापड. टूलबॉक्समध्ये घडीचे दोन त्रिकोण, दोन बॅटऱ्या. चाकांखाली लावायला दगडांऐवजी लाकडी ठोकळे, आणि ते ट्रॉलीलाच दोरीने बांधलेले. का, तर गाडी निघते आणि दगड रस्त्यावर तसेच राहतात, मग रात्री एखाद्या दुचाकीवाल्याचं चाक त्यावर जातं. दोरी असली की ठोकळे विसरता येत नाहीत. अण्णांनी मला कधी एका शब्दाने बोल लावला नव्हता. त्यांनी ट्रॉली बदलली होती.

मागचे दिवेही होते, पण त्यातला एक बंद. ट्रॉलीच्या दिव्याचं हे दुखणं जुनं आहे. ऊस भरताना मोळ्या वायरवर आपटतात, जोडाशी वायर ओढली जाते, आठवड्यात कनेक्शन जातं. माझ्या भाषेत सांगायचं तर दिवा बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असतो: वायर, बल्ब, बॅटरी, ट्रॅक्टर जोडलेला असणं. ट्रॅक्टर सोडवून नेला की ट्रॉलीचे दिवे गेलेच, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच. रिफ्लेक्टर कशावरच अवलंबून नाही. जिकडून उजेड येतो तिकडेच तो परत पाठवतो, बस. त्याला फक्त एकच गोष्ट मारते, ती म्हणजे चिखल.

त्या दोन आठवड्यांत मला एक सवय लागली. कुठेही थांबलो, चहाला का होईना, की उतरून आधी शेवटच्या ट्रॉलीच्या मागे चालत जायचं. तिथून वीस-तीस पावलं आणखी मागे. आणि वळून बघायचं, आपण कसे दिसतो. पुढे सीटवर बसलं की आपण म्हणजे स्टेअरिंग, बॉनेट आणि दोन हेडलाइट. मागे गेलं की आपण म्हणजे अंधारात रस्ता अडवून उभी असलेली एक भिंत. दोन्ही आपणच असतो. मागून येणाऱ्याला त्यातला फक्त दुसराच दिसतो, तोही दिसला तर.

दुसऱ्या आठवड्यात मी त्या माणसाकडे गेलो. त्याची आता घरालाच लागून पिठाची गिरणी आहे. बसून काम करता येतं म्हणून. मी गेलो तेव्हा दळण चालू होतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि गिरणी बंद केली.

"ओळखलंत का, दादा?"

"ओळकलं की. अण्णांचं पोरगं. पुन्याला असतोस न्हवं?"

मी उभ्या-उभ्याच सगळं सांगितलं. सत्तर पावलं, फांदी, थंडी, मोबाईल, जबाब. घोकून गेलो होतो तरी मधला मोबाईलचा भाग सांगताना आवाज गेला. तो कपड्यावरचं पीठ झटकत ऐकत होता.

"म्हाईत हाय मला," तो म्हणाला. "मी सुदीत हुतो. तू म्होरनं पळत आलास. मागं हुबा असतास तर मागनं आला असतास."

मी खाली बघितलं. आठ वर्षं मला वाटत होतं, हे फक्त मला माहीत आहे.

"मग तेव्हा सांगितलं का नाही?"

"कुनाला सांगू? तुज्या अण्णांनाबी म्हाईत हुतं. वरीसभर दर म्हयन्याला यायचे. एकदा म्हनाले, पोरगं शिकतंय. म्या म्हनलं, ऱ्हाऊ द्या." थोडा थांबून म्हणाला, "राग न्हवता असं न्हाय. लय हुता."

आता आहे का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी म्हणालो, जबाब बदलून देतो, पोलिसांत जाऊन खरं काय ते लिहून देतो. त्याने मान हलवली. "आता त्याचा काय उपेग? ल्हायचंच आसंल तर दुसरीकडं कुटं तरी लिव." पैशांचा विषय मी काढायच्या आतच त्याने हात आडवा केला. आतून त्याच्या बायकोने चहा आणला. चहा पिताना त्याने विचारलं, "ट्रॉलीला मागं आता काय लावलंय?"

मी पट्टी सांगितली, कापड सांगितलं, त्रिकोण, ठोकळे. तो नीट ऐकत होता, एखाद्या कामाची चौकशी करावी तसं.

"पट्टीवर चिखल बसतो," तो म्हणाला. "फडातनं बाहेर पडलं की पुसायची. दर खेपंला."

माफ केलं असं तो म्हणाला नाही. तसं काही ऐकायला मिळेल म्हणून मी गेलो असेन, तर ते माझं चुकलंच. संध्याकाळी मी अण्णांना सांगितलं, तिकडे जाऊन आलो म्हणून. ते काळा चष्मा लावून ओसरीवर बसले होते. काही वेळाने म्हणाले, "जेवून घे. चारला उटायचंय." पण जेवताना त्यांनी माझ्या ताटात स्वतःच्या हाताने भाकरी वाढली. हे ते कधी करत नाहीत.

त्या हंगामात मी रिफ्लेक्टर पट्टीचे काही रोल आणले. रात्री यार्डात नंबर लागेपर्यंत वेळच वेळ असतो. ज्यांच्या ट्रॉलीला मागे काही नाही, त्यांना विचारून मी पट्टी लावून देऊ लागलो. बहुतेक जण हो म्हणाले. एक-दोघांनी चेष्टा केली. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने सांगितलं, "बाबा, पट्टी लाव, पन मला दोन तास झोपू दे. पट्टीपेक्षा झोपंची गरज हाय." तेही खरं आहे, आणि त्यावर माझ्याकडे पट्टीसारखा काही रोल नाही.

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण ट्रॉली कधीच ओढणार नाहीत. पण हिवाळ्यात सातारा, सांगली, कोल्हापूर किंवा सोलापूरकडच्या रस्त्यांवरून दुचाकीने, गाडीने जाल तर काही गोष्टी लक्षात ठेवा. पुढे ट्रॉली दिसली की एक नाही, दोन आहेत असं धरून चाला, आणि दोन्हींची पूर्ण लांबी मोजूनच ओव्हरटेक करा. वळणावर तिच्या आतल्या बाजूने शिरू नका, शेवटचं चाक तिथूनच जाणार असतं. उतारावर तिच्या पुढे घुसून ब्रेक मारू नका, तिला थांबायचं असलं तरी थांबता येत नाही. आणि रात्री गावाच्या रस्त्यावर वेग तेवढाच ठेवा, जेवढ्या अंतरावर तुमचा हेडलाइट पोचतो आणि तुम्ही थांबू शकता. पुढचा अंधार रिकामाच असेल असं नाही.

आणि जर तुम्ही ओढणाऱ्यांपैकी असाल, किंवा तुमच्या घरात कुणी असेल, तर आज थांबाल तेव्हा उतरून एकदा शेवटच्या ट्रॉलीच्या मागे जा. पट्टी पुसा. मग सत्तर पावलं आणखी मागे जाऊन वळून बघा. आणि गाडी बंद पडली असेल, तर तिथेच उभे राहा. थंडी वाजेल. कुणीही येत नाहीये असं वाटेल. तरी उभे राहा.